सल्ला हवा: एकाच इन्स्टा खात्यावर गाणं, माटोळी आणि आगळ. वेगळं करू का?

सोनचाफा (फोंडा):
माझ्या इन्स्टाचं खतखतं झालंय. पेटीवर म्हटलेली नाट्यपदं तिथेच, माटोळीच्या, म्हणजे चवथीला गणपतीवर टांगतात त्या सजावटीच्या, रानफळांचे फोटो तिथेच, आणि सासूबाईंच्या हातचं आगळ (कोकमाचा खारवलेला रस) नि तोरांचं (कैऱ्यांचं) लोणचं विकते तेही तिथेच. चवथीला कांगणां, कवंडळ, घागऱ्या अशा रानफळांचे फोटो टाकले तेव्हा पुण्या-मुंबईचे बरेच झाडवेडे आले. पुढे जत्रांचा हंगाम लागला, मी नाटकाच्या तालमी टाकत राहिले आणि ते हळूहळू पांगले. आता पदाखाली प्रतिक्रिया येते, "ताई, आगळ शिल्लक आहे?" त्यात मी हायस्कूलला शिकवते, म्हणजे मुलं आणि पालकही बघतात. तीन खाती उघडू का? भाषा कुठली ठेवू? रात्री जेवणं आटोपल्यावर मिळेल तेवढाच वेळ आहे.

रोयण (डिचोली):
ताई, तीन नकोच. विषय किती आहेत ते सोडा, बघणारा कोण ते बघा. पद ऐकणारा आणि माटोळी बघणारा आपल्याकडे बऱ्याचदा एकच माणूस असतो. आगळ मागणाऱ्याला मात्र भाव आणि बाटलीचं माप एवढंच हवं असतं. त्यामुळे आधी विक्री बाहेर काढा. वेगळा नंबर घेऊन त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. कॅटलॉगमध्ये फोटो, माप, किंमत घाला. माल संपला की ती वस्तू लपवता येते, पावसाळाभर "संपलं" सांगत बसायला नको. रोजच्या नंबरवर हे करू नका, नाहीतर मावशीचे सुप्रभात आणि ऑर्डरी एकत्र होतील.

पेटीमास्तर (माशेल):
गाणं यूट्यूबला न्या. रीळमध्ये पद बसतच नाही हो, आलाप संपेपर्यंत माणूस बोटाने पुढे सरकलेला असतो. यूट्यूबवर पदाचं नाव शोधत माणूस दोन वर्षांनीही येतो. म्हणून शीर्षकात पदाचे पहिले शब्द, नाटक, राग, ताल सगळं हवं, "सुंदर सायंकाळ" असलं काही नको. एका गुगल खात्यावर अनेक चॅनल चालतात, नवा ईमेल लागत नाही. एक सांगून ठेवतो: स्वतः गायलं, स्वतः वाजवलं तरी चालीवर एखाद्या संगीत कंपनीचा हक्काचा दावा येऊ शकतो. तेव्हा घाबरून व्हिडिओ काढू नका. बहुतेक वेळा व्हिडिओ राहतो, जाहिरातीचे पैसे तेवढे त्यांच्याकडे जातात.

चोडणकार:
रोयणभाऊंचं अर्धंच पटलं. रानाचं खातं वेगळंच हवं. माझं पक्ष्यांचं आहे, तिथे गावचे लोक थोडे, केरळ-बेंगळुरूचे जास्त. त्यांना माझ्या घरच्या चवथीशी देणंघेणं नाही, पण बुलबुल कुठल्या महिन्यात दिसला ते हवं असतं. वेली-फळांना तालुक्यागणिक नाव बदलतं, तेव्हा शास्त्रीय नाव घातल्याशिवाय फोटो टाकू नका. आणि जागा कधीच टाकू नका. रोयणीवरच्या (वारुळावरच्या) अळम्यांची, म्हणजे रानातल्या अळंब्यांची, जागा आपण शेजाऱ्याला सांगत नाही, मग जगाला कशाला? घरट्यांचंही तेच. कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवा, मागे ओळखू येणारा पूल किंवा देऊळ असेल तर फोटो कापून घ्या.

खाजें_खा (म्हापसा):
वेगळं खातं केलं म्हणजे ते लपलं असं समजू नका. तोच फोन नंबर दिलात आणि काँटॅक्ट सिंक (फोनमधले नंबर ॲपला देणं) चालू राहिलं, तर इन्स्टा ते खातं तुमच्या विद्यार्थ्यांना आपणहून सुचवेल. सिंक बंद करा, ईमेल वेगळा द्या. घरगुती फोटोंना प्रायव्हेट खातं बरं, किंवा क्लोज फ्रेंड्सची यादी. ॲपमध्ये पाच खात्यांवर उड्या मारता येतात, ही सोय आहे आणि धोकाही. आमच्याकडे एका देवस्थानच्या पानावर भर जत्रेत कुणाची तरी सुंगटांच्या हुमणाची (कोळंबीच्या कालवणाची) रीळ आली होती! टाकण्याआधी वरचं नाव वाचायचं, बस.

सोनचाफा:
देव बरें करूं सगळ्यांचं. विक्री व्हॉट्सॲपवर आणि गाणं यूट्यूबवर हे ठरलं. मग जुनं खातं कशाचं ठेवू? फॉलोअर तर तिथेच आहेत.

रोयण:
प्रोफेशनल खातं केलंत की इनसाइट्स, म्हणजे कुठल्या पोस्टला कसा प्रतिसाद आला त्याचे आकडे, दिसतात. त्यात लाइक मोजू नका, लाइक नातेवाईकही देतात. सेव्ह आणि शेअर कशाला जास्त आहेत ते बघा.

सोनचाफा:
बघितलं. सेव्ह माटोळीलाच जास्त. पदांना लाइक भरपूर, सेव्ह जवळजवळ नाही. म्हणजे जुनं खातं रानाचं. पण चवथ वर्षातून एकदाच, बाकी काय टाकू?

चोडणकार:
मी मघाशी अडून बसलो होतो त्याला आकडे मिळाले तर! अहो, पावसाची सुरुवात झाली की तायखिळो, तेरें या रानभाज्या आणि अळमी. त्याच वेलींना फूल कधी, कच्चं फळ कधी, हे कुणी दाखवतच नाही. लोक फळ बघतात ते थेट बाजारात. कॅप्शन मराठीत, कोंकणी नाव पहिल्याच ओळीत, खाली इंग्रजीत दोन ओळी. आणि जुन्या तालमी डिलीट करू नका, अर्काइव्ह करा, हव्या तेव्हा परत काढता येतात.

पेटीमास्तर:
अर्काइव्ह करण्याआधी मूळ फाइली फोनमध्ये आहेत ना बघा. यूट्यूबला त्याच चढवा, इन्स्टावरून उतरवलेल्या नकोत, आवाज पिचतो.