इलिऑस्टॉमीच्या बॅगेखालची त्वचा सोलवटली आहे, काय करावे?

मुलुंडकर
वडिलांच्या आतड्याच्या शस्त्रक्रियेला दोन महिने झाले असून पोटाच्या उजव्या बाजूला इलिऑस्टॉमी आहे, म्हणजे लहान आतड्याचे तोंड पोटावर काढून त्यावर मळाची बॅग लावली आहे. सुरुवातीला त्रास नव्हता. आता मात्र स्टोमाच्या (पोटावर काढलेल्या त्या तोंडाच्या) खालच्या अंगाची त्वचा लाल, ओलसर आणि सोलवटल्यासारखी झाली आहे, आणि त्या ओलीवर फ्लँज (बॅगेची त्वचेला चिकटणारी चकती) चिकटत नसल्यामुळे दिवसाआड गळती होते. आई खोबरेल तेल लावते. ओल शोषणारी स्टोमा पावडर वापरावी, की दुसऱ्या कंपनीची बॅग घ्यावी?

निवृत्त परिचारिका, परळ
ताई, आधी काढलेल्या फ्लँजची मागची बाजू पाहा. जिथे चिकट थर विरघळून मळ आत शिरलेला दिसेल, तिथेच त्वचाही खराब झालेली आढळेल. लहान आतड्यातून येणारा पातळ मळ पाचक रसांसह येत असल्यामुळे तो त्वचेला अक्षरशः खातो. कोलोस्टॉमीत (मोठ्या आतड्याचे तोंड काढलेले असते तेव्हा) हा त्रास त्या मानाने कमी असतो. शस्त्रक्रियेनंतर साधारण 6 ते 8 आठवडे स्टोमाची सूज उतरून तो लहान होत जातो, पण घरोघरी फ्लँजचे भोक मात्र रुग्णालयात दिलेल्या जुन्या मापानेच कापले जाते. म्हणून माप पुन्हा घ्या आणि भोक स्टोमापेक्षा 2 ते 3 मिलिमीटरच मोठे ठेवा.

तेल बंद करा, त्यावर काहीही चिकटत नाही. त्वचा कोमट पाण्याने धुऊन टिपून कोरडी करा, ओल्या भागावर पावडर भुरभुरून जास्तीची झटका, वर स्पिरिट नसलेली बॅरियर फिल्म (त्वचेवर पातळ संरक्षक थर देणारे द्रव्य) लावून वाळू द्या, आणि हेच थर दोन-तीन वेळा देऊन मगच फ्लँज लावा. पावडर त्वचा बरी झाल्यावर थांबवायची असते, हे दुकानदार सांगत नाहीत.

चेंबूरचे काका
पावसाळ्यात मला निराळाच अनुभव आला: आग कमी, खाज जास्त, आणि लाल चट्ट्याच्या कडेला बारीक पुटकुळ्या. तो बुरशीचा संसर्ग निघाला आणि डॉक्टरांनी दिलेल्या बुरशीनाशक पावडरीने बरा झाला. मुंबईच्या दमट हवेत हे ध्यानात ठेवलेले बरे. शिवाय लोकलच्या गर्दीत बॅग भरू देऊ नये. एक तृतीयांश भरली की रिकामी करावी.

मुलुंडकर
मोजले. स्टोमा 28 मिलिमीटर, आणि आम्ही भोक 38 चे कापत होतो! पेस्ट लावली की फार झोंबते, ती गोंदासारखी सगळीकडे लावावी का?

निवृत्त परिचारिका, परळ
नाही. पेस्ट चिकटवण्यासाठी नसून खाचा भरण्यासाठी असते. बहुतेक पेस्टमध्ये अल्कोहोल असल्याने उघड्या त्वचेला झोंबते, तेव्हा अल्कोहोलविरहित पेस्ट किंवा सील रिंग (फ्लँजखाली बसवायचे मऊ कडे) मागा. माप सुधारूनही गळती राहिली, तर स्टोमा त्वचेच्या पातळीला बसला आहे का ते पाहावे लागेल, कारण तशा वेळी बहिर्गोल फ्लँज उपयोगी पडतो. पण तो स्वतःच्या मनाने घेऊ नका. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयांत प्रशिक्षित स्टोमा परिचारिका असतात, त्यांना एकदा दाखवा. जांभळट कडांची, फार दुखणारी जखम दिसली, तर मात्र थेट सर्जनकडे जा.