कावा: बाटलीतला गाळ काढताना वायू जात नाही का?

रानवारा: स्पेनमधल्या कातालोनियातली कावा ही फसफसणारी वाईन बाटलीतच फसफसते, इथवर कळलं. पण मग यीस्टचा गाळ काढताना वायू निसटत नाही का? साखर किती घालतात?

खडूमाती: आधी शारेल्लो, माकाबेऊ, पारेयादा या द्राक्षांची साधी पांढरी वाईन करतात. मग तिच्यात लिटरमागे साधारण २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद. ४ ग्रॅम साखरेमागे अंदाजे १ बार दाब, म्हणजे एकूण ६ बार. मूळ वाईनमध्ये उरलेली साखर हिशेबात धरली नाही, तर दाब वाढून बाटल्या फुटतात. मग गाळावर किमान ९ महिने ठेवतात; जास्त मुरवलेल्या रेसेर्वा प्रकाराला १८, ग्रान रेसेर्वाला ३०.

नंतर बाटली फिरवत फिरवत उलटी करतात, गाळ तोंडाशी बसतो. तेवढंच तोंड उणे २५ अंशांच्या आसपासच्या द्रावणात बुडवून गोठवतात. झाकण काढलं की गाळाची गोठलेली गोळी दाबानं फट्कन बाहेर! वाईन थंड असल्यानं बराचसा वायू विरघळलेलाच राहतो. कोमट बाटलीवर हाच प्रयोग केलात तर फरशी पुसत बसाल.

रानवारा: फिरवणं अजून हातानंच?

तळघर: क्वचित. हातानं काही आठवडे जातात. यांत्रिक पिंजऱ्यात ५०० च्या आसपास बाटल्या एकदम फिरतात, आठवड्याभरात काम होतं. चवीत फरक पडतो म्हणणाऱ्यांचं मला तरी पटत नाही. फरक पडतो तो गाळ काढल्यावरच्या शेवटच्या भरणीत: ब्रूट या कमी गोड प्रकारात लिटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर चालते, ब्रूट नेचर या सर्वांत कोरड्या प्रकारात वरून अजिबात घालत नाहीत. त्यामुळे कच्च्या द्राक्षांचा आंबटपणा तिथे लपत नाही.