‘आपली माणसं’ ग्रुप: ओंकारचा गेम बंद पडला

वैशालीताई: नमस्कार सगळ्यांना. चिडूनच लिहितेय, आधीच सांगते. ओंकारचा तो गाड्यांचा गेम आठवतोय ना, ज्यासाठी त्याने वर्षभर हट्ट धरला होता? रीतसर पैसे भरून घेतलेला. आज उघडला तर ‘सेवा कायमची बंद करण्यात आली आहे’ एवढी एक ओळ येते आणि पुढे काही नाही. गेम कॉम्प्युटरमध्ये जागा अडवून बसलाय, पण चालत नाही. पैसे परत मिळतात का? कुणाला माहीत असेल तर सांगा.

मोठे काका: बरं झालं. आता अभ्यास होईल.

वैशालीताई: काका, विषय अभ्यासाचा नाहीये. पैसे मोजून घेतलेली वस्तू विकणाऱ्याने परस्पर बंद केली, हा विषय आहे.

मोठे काका: वस्तू म्हणे. दिवसभर स्क्रीनसमोर डोळे फोडायचे. जागतिक आरोग्य संघटनेनेसुद्धा गेम खेळणं हा आजार म्हणून जाहीर केलाय. मी मागेच फॉरवर्ड केलं होतं, कुणी वाचलं नाही.

सायली: काका, मी वाचलं होतं. ते अर्धवट आहे. आजारांची जी नवी यादी २०२२ च्या जानेवारीपासून लागू झाली, तिच्यात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, हे खरं. पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटावा लागतो, बाकी सगळ्या गोष्टी मागे पडाव्या लागतात आणि नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही अशी अवस्था साधारण १२ महिने राहावी लागते. संध्याकाळी तासभर गाडी चालवणारा मुलगा त्यात बसत नाही. रोज ही मुलं बघते म्हणून सांगतेय.

मोठे काका: तुम्ही शिकलेली माणसं. आम्ही काय बोलणार.

सायली: काका, तसं नाही हो 🙏

आतोबा: चला, पहिली विकेट पडली 😀

नीलाआत्या: अहो, तुम्ही आगीत तेल ओतू नका.

वैशालीताई: माझे पैसे परत मिळतील का, एवढंच विचारलंय.

पराग: ताई, आत्ता वाचलं. बटणावर ‘विकत घ्या’ लिहिलेलं असतं, पण आपण ज्या अटी न वाचता मान्य करतो त्यांत बहुतेक ठिकाणी ‘आम्ही वापरायची परवानगी देतो, ती आम्ही काढून घेऊ शकतो’ असं स्पष्ट असतं. आणि हे छोट्या कंपन्याच करतात असं नाही. युबिसॉफ्ट या मोठ्या कंपनीचा ‘द क्रू’ हा गाड्यांचा गेम २०१४ मध्ये निघाला, एकटं खेळायचं असलं तरी इंटरनेट लागायचं. ३१ मार्च २०२४ ला त्यांनी सर्व्हर, म्हणजे गेम चालवणारे कंपनीचे कॉम्प्युटर, बंद केले आणि ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांच्याकडेही नुसती तबकडी उरली. त्यावरूनच ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू झाली. युरोपीय संघाकडे द्यायच्या निवेदनावर २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या.

मोठे काका: दहा लाख लोकांना दुसरा उद्योग नाही.

पराग: दहा लाख ग्राहक आहेत काका. पैसे भरलेले ग्राहक.

आतोबा: परागराव, नाण्याची दुसरी बाजूही बघा. मी इतकी वर्षं सर्व्हर सांभाळले, मला त्यातला खर्च माहीत आहे. यंत्रं, वीज, सुरक्षेच्या दुरुस्त्या, रात्री-अपरात्री उठणारी माणसं. शेवटी चाळीस जण खेळत असतील तर कंपनीने जन्मभर ते पोसायचं का?

पराग: आतोबा, जन्मभर सर्व्हर चालवा असं मोहिमेतलं कुणीच म्हणत नाही. मागणी एवढीच आहे की बंद करण्याआधी गेम चालू राहील अशी सोय करून जा. एक शेवटचा अपडेट द्या, म्हणजे इंटरनेटशिवाय चालेल. किंवा खेळणाऱ्यांना स्वतःचा सर्व्हर लावू द्या. आणि हे होऊ शकतं. गदारोळ झाल्यावर त्याच युबिसॉफ्टने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ‘द क्रू २’ला ऑफलाइन सोय देऊ असं जाहीर केलं.

आतोबा: गाड्यांच्या गेममध्ये खऱ्या कंपन्यांच्या गाड्या असतात, गाणी असतात. त्यांचे करार संपतात. तेव्हा काय करायचं?

पराग: करार संपला की नवी विक्री थांबवतात. ‘फोर्झा होरायझन ३’ २०२० मध्ये विक्रीतून काढला. ज्यांनी आधी घेतला होता त्यांच्या हातून तो काढून घेतला नाही. दुकानातून माल उचलणं वेगळं आणि गिऱ्हाइकाच्या घरातून उचलणं वेगळं.

आतोबा: हा मुद्दा मान्य. पण सर्व्हरचा कोड बाहेर देणं दिसतं तेवढं सोपं नसतं. त्यात दुसऱ्यांकडून घेतलेले तुकडे असतात, ते वाटायचा हक्क कंपनीला नसतो.

पराग: तयार झालेल्या गेमसाठी ते अवघड आहे, बरोबर. म्हणून तर पहिल्या दिवसापासून त्याचा विचार करून गेम बनवा, असं म्हणणं आहे.

मोठे काका: कॉम्प्युटर फॉरमॅट करताना दुसऱ्याचे सगळे फोटो उडवणाऱ्यांनी जपणुकीवर भाषण द्यावं, हे विशेष.

पराग: काका, तो विषय अजून किती वर्षं?

मोठे काका: फोटो परत येईपर्यंत.

नीलाआत्या: दादा, पुरे. लहान मुलं आहेत ग्रुपवर.

ओंकार: मी लहान नाहीये आत्याआजी.

वैशालीताई: पैसे परत मिळतील का, कुणीतरी सांगा रे. तिसऱ्यांदा विचारतेय.

मोठे काका: ओंकार, त्या गेममध्ये एवढं होतं तरी काय? गोल गोल गाडी फिरवायची.

ओंकार: आजोबा, शर्यती असायच्या, पण मी आणि माझा मित्र शर्यत कमीच खेळायचो. रात्रीच्या वेळी घाटातून नुसतीच गाडी चालवायचो. पाऊस लागला की वळणावर मागची चाकं घसरायची, मग तो पुढे जाऊन दिवे दोनदा उघडझाप करायचा, म्हणजे ‘सावकाश ये’. तो आता दुसरीकडे राहायला गेलाय. तिथेच भेटायचो आम्ही. दोघांनी मिळून एक गाडी रंगवली होती, सगळे पट्टे स्वतः काढले होते. तिचा एक स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे, बाकी काही नाही.

नीलाआत्या: अरे बाळा.

सायली: काका, वाचलंत ना?

मोठे काका: वाचलं.

नीलाआत्या: हे नवीन नाही. बीबीसीची ‘डॉक्टर हू’ ही विज्ञान मालिका १९६३ पासूनची. तिचे १९६० च्या दशकातले नव्वदहून जास्त भाग आज मिळत नाहीत. टेप महाग होत्या, म्हणून पुसून त्यांवर दुसरं चित्रण केलं. पुन्हा कुणी बघेल असं त्यांना वाटलंच नाही. पण त्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज मात्र शिल्लक आहे. का, तर तेव्हाची मुलं घरी टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर धरून बसायची. संस्थेला जमलं नाही ते प्रेक्षकांनी केलं. माणूस चंद्रावर उतरला त्या चित्रणाच्या मूळ टेपसुद्धा नासाने बहुधा पुसून पुन्हा वापरल्या, हे त्यांनीच २००९ मध्ये सांगितलं. आपण बघतो ती टीव्हीवर दाखवलेल्या प्रसारणाची रेकॉर्डिंग्ज.

मोठे काका: नीला, ते चंद्राचं खरं होतं. विज्ञान मालिकांमध्ये काय जपण्यासारखं असतं? अवकाशात यान फुटतं आणि धडाम आवाज येतो. हवा नाही तर आवाज कुठून येणार?

नीलाआत्या: सगळे तसं करत नाहीत. १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटात यानाबाहेर पूर्ण शांतता आहे, माणसाच्या श्वासाचा आवाज फक्त. आणि त्यातले अंतराळवीर जेवताना टेबलावर सपाट पाटीवर बातम्या बघतात. अ‍ॅपलने आयपॅडच्या डिझाइनवरून सॅमसंगला कोर्टात खेचलं, तेव्हा २०११ मध्ये सॅमसंगने त्याच चित्रपटातलं दृश्य पुरावा म्हणून पुढे केलं होतं. ही कल्पना आधीपासूनची आहे म्हणून.

आतोबा: त्या चित्रपटातला कॉम्प्युटर माणसाला दार उघडत नाही. ओंकारच्या गेमसारखाच 😀

मोठे काका: धडाम आवाजाचं उत्तर मिळालं नाही.

सायली: काका, ते नाट्य वाढवण्यासाठी असतं. सगळ्यांना माहीत असतं.

मोठे काका: मला हवा नसताना आवाज चालत नाही. बस्स.

वैशालीताई: तुमचं अवकाश झालं असेल तर माझे पैसे.

पराग: ताई, येतोच. फक्त आत्याच्या मुद्द्याला जोडून एक, कारण यात लोकांची गफलत होते. लोकांना वाटतं जपायचं म्हणजे फाइल कॉपी करून ठेवायची. १९७८ चा ‘स्पेस इनव्हेडर्स’ घ्या. परग्रहवासी ओळीने खाली येतात, जितके मारावेत तितके उरलेले वेगाने धावतात, शेवटचा तर सुसाट. बनवणारे तोमोहिरो निशिकादो यांनी हे मुद्दाम केलं नव्हतं. यंत्र इतकं मंद होतं की सगळी फौज रंगवताना त्याची दमछाक व्हायची. फौज घटली की रंगवायचं काम घटायचं आणि वेग वाढायचा. खेळताना मजा आली, म्हणून त्यांनी ते तसंच ठेवलं. आता हाच प्रोग्राम आजच्या कॉम्प्युटरवर नुसता तसाच पळवला तर ते चढत जाणारं दडपण उरणारच नाही. जुन्या यंत्राचा मंदपणासुद्धा हुबेहूब उतरवावा लागतो. हे काम आज कुठेकुठे हौशी लोक स्वतःच्या वेळात करतायत आणि कंपन्या त्यांनाच नोटिसा पाठवतात.

आतोबा: हे मला माहीत नव्हतं. सुंदर आहे.

पराग: ‘व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन’ने २०२३ मध्ये पाहणी केली होती. अमेरिकेत २०१० च्या आधी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात कुठेच मिळत नाहीत. आणि ते बहुतेक डिस्कवरचे, कार्ट्रिजवरचे, म्हणजे निदान कपाटात तरी सापडतील. सर्व्हरवरच्या गेमचं कपाटातही काही राहणार नाही. मला याचा खरोखर त्रास होतो. एवढ्या लोकांनी वर्षानुवर्षं खपून केलेली गोष्ट एका मेलने संपते.

मोठे काका: मी पुस्तकं वाचतो. मला हा प्रश्न येत नाही.

सायली: काका, तुम्ही आता त्या ई-रीडरवरच वाचता ना? डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून?

मोठे काका: हो. अक्षर मोठं करता येतं. मग?

सायली: २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने लोकांच्या किंडलवरून, म्हणजे त्यांच्या ई-रीडरवरून, विकत घेतलेली पुस्तकं परस्पर काढून टाकली होती. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून. त्यात जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी होती. पैसे परत दिले, नंतर जाहीर माफीही मागितली, पण पुस्तक रात्रीतून गेलं.

मोठे काका: माझ्या ई-रीडरवर १४० पुस्तकं आहेत.

मोठे काका: ती जाऊ शकतात?

मोठे काका: पराग, ती जाऊ शकतात का?

पराग: काका, रोज जातात असं नाही. पण दुकान बंद पडलं किंवा खातं अडकलं तर जाऊ शकतात.

मोठे काका: माझ्या टिपा आहेत त्यांत. समासातल्या.

पराग: टिपा बाहेर काढून ठेवता येतात. रविवारी येऊन करून देतो.

मोठे काका: तू?

नीलाआत्या: दादा.

मोठे काका: ये. पण आधी दोन ठिकाणी कॉपी, मग काय ते.

पराग: तीन ठिकाणी करू.

वैशालीताई: मी पण याच ग्रुपवर आहे.

पराग: ताई, सॉरी, आता तुझंच. खात्री नाही, पण सोडायचं नाही. पावती काढ, तारखेसकट. बंद झाल्याच्या ओळीचा स्क्रीनशॉट जोड. ज्या ऑनलाइन दुकानातून घेतला तिथे आणि गेम बनवणाऱ्यांना, दोन्हीकडे लिही. फक्त ‘पैसे द्या’ लिहू नकोस. ‘विक्रीच्या वेळी बंद होण्याची तारीख सांगितली होती का’ असं विचार. परतावा मिळाल्याचं उदाहरण आहे. सोनीचा ‘कॉनकॉर्ड’ २०२४ च्या ऑगस्टमध्ये निघाला, दोन आठवड्यांत बंद केला आणि सगळ्यांचे पैसे दिले. तो नवा होता, तुझा जुना आहे, म्हणून तेवढी आशा नाही.

आतोबा: वैशाली, पत्राचा मसुदा मला पाठव. कंपनीच्या बाजूने इतकी वर्षं अशी पत्रं वाचलीत, कोणतं पत्र बाजूला टाकलं जातं ते माहीत आहे.

वैशालीताई: हे पहिल्यांदा विचारलं तेव्हाच सांगितलं असतं तर?

आतोबा: तेव्हा मी विकेट मोजत होतो 🙏

सायली: आणि पुढचा गेम घेताना काय बघायचं, ते पण सांग पराग.

पराग: इंटरनेट काढल्यावर चालतो का, हे आधी शोधायचं. गेमच्या माहितीत ‘सतत इंटरनेट आवश्यक’ असं असेल तर तो भाड्याचा समजून तेवढेच पैसे टाकायचे. जीओजीसारख्या ऑनलाइन दुकानात कुलूप नसलेली फाइल मिळते, ती उतरवून स्वतःच्या डिस्कवर ठेवता येते. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदाच आहे, नुसती परवानगी विकत असाल तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ म्हणता येत नाही. कायमची उतरवून घेता येणारी फाइल मात्र त्यातून वगळली आहे. असा कायदा सगळीकडे हवा.

ओंकार: परागमामा, आमच्या गाडीची डिझाइन फाइल कॉम्प्युटरमध्ये असेल का?

पराग: बहुतेक त्यांच्याकडेच होती, पण शोधू. गेम काढून टाकू नकोस, फोल्डर तसाच राहू दे. रविवारी काकांकडून तुझ्याकडे येतो.

मोठे काका: माझ्याकडे आधी.

वैशालीताई: आतोबा, मसुदा पर्सनलवर टाकलाय.