मदत हवी आहे: ग्लेझ केलेल्या मगवर एचिंगची रेघ टिकत नाही

नमस्कार मंडळी. मी मुळात एचिंग करते, म्हणजे पत्र्यावर ॲसिडने रेघा कोरून त्यांचे छाप काढते; मातीकाम अलीकडचं. तांब्याच्या पत्र्यावर केलेली माझी रेखाचित्रं मला ग्लेझ, म्हणजे काचेसारखा थर, चढवून भाजलेल्या, तयार मगवर उतरवायची आहेत. ब्रशने पुन्हा काढता येतील, पण ॲसिडने खाल्लेल्या रेघेचा खरखरीतपणा ब्रशला कुठून येणार?

अंडरग्लेझची, म्हणजे ग्लेझच्या खाली द्यायच्या रंगाची, पूड शिजवलेल्या जवसाच्या तेलात घोटली, पत्र्यात भरली, पुसली आणि प्रेसमधून पातळ टिश्यूवर छाप घेतला. इथवर झकास. टिश्यू मगवर दाबला तर निम्म्या रेघा सरकल्या. उरलेलं ७८० अंश सेल्सिअसला भाजलं, तर थंड झाल्यावर नखाने चित्र पुडीसारखं निघून आलं.

वर फजिती अशी की सवयीने सही पत्र्यावर उलटी कोरली होती. इथे छाप दोनदा पलटतो, पत्र्यावरून टिश्यूवर आणि टिश्यूवरून मगवर. सही उलटीच आली!

१७५६ साली लिव्हरपूलच्या सॅडलर आणि ग्रीन यांनी सहा तासांत १२०० हून जास्त फरशा छापल्याचं प्रतिज्ञापत्र दिलं होतं. माझा महिन्यात एक मग होईना. रंग चुकतोय की तापमान? लेझर प्रिंटरच्या टोनरने छापलेला डीकाल (भांड्यावर चिकटवून भाजायचं चित्र) सुचवू नका, त्यातल्या लोहामुळे रेघ तपकिरी येते. मला काळीच हवी.

प्रतिसाद:
तुमचे दोन वेगळे रोग आहेत. अंडरग्लेझच्या रंगात ग्लेझला धरण्याइतका फ्लक्स, म्हणजे भट्टीत रंग वितळवणारा घटक, नसतो आणि ७८० ला मगवरचं ग्लेझही मऊ होत नाही. ऑनग्लेझचे, म्हणजे भाजलेल्या ग्लेझवर लावायचे चायना पेंटिंगचे रंग घ्या. तापमान डबीवर असेल तेच ठेवा.

सरकण्यावर जुना उपाय आहे, बॅट प्रिंटिंग. पत्र्यात रंग भरूच नका, नुसतं तेल भरा. जिलेटिनची पातळ लवचिक वडी (हीच ती बॅट) ओतून तिच्यावर तेलाचा छाप घ्या आणि ती मगवर दाबा. त्यानंतर कोरडी रंगपूड कापसाने हलक्या हाताने लावा, ती तेलालाच धरते. वडी गोलाईवर वाकते, टिश्यूला तिथे चिरा द्याव्या लागतात. मात्र खोल रेघेत तेल जास्त साठून पसरतं, तेव्हा ॲसिडमध्ये थोडाच वेळ ठेवलेला पत्रा वापरा. पूड लावताना मास्क हवाच. भट्टी ४०० अंशांपर्यंत सावकाश चढवा, झरोका उघडा ठेवा, तेल जळून जाऊ दे. आणि चित्र ओठ लागतात त्या कडेपासून लांब ठेवा, काही ऑनग्लेझ रंगांत शिसं किंवा कॅडमियम असतं.

धागाकर्ती:
म्हणजे आधी तेल आणि रंग नंतर! एक फांदी पार कडेपर्यंत गेली आहे, ती छाटते. तेल शिजवलेलं की कच्चं?

प्रतिसाद:
शिजवलेलं, घट्ट. आणि सही या वेळी सुलटी कोरा.