मदत हवी आहे: ऑक्शन हाउसच्या भावांतला कचरा गाळायचा कसा?

वरणभात

मंडळी, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन खेळ खेळणारं इथे कोणी आहे का? खेळत नसलात तरी आकडेमोडीत गती असली तर चालेल, कारण घोडं तिथेच अडलंय.

मी पुण्यातून युरोपच्या सर्व्हरवर खेळतो. हल्ली लढाया कमी आणि दुकानदारी जास्त. (दिवसभर ऑफिसात एक्सेल आणि रात्री घरी पुन्हा एक्सेल, असा घरचा शेरा आहे.) खेळ बनवणाऱ्या ब्लिझार्डच्या एपीआयमधून (प्रोग्रामला माहिती देणारी सोय) ऑक्शन हाउसची, म्हणजे खेळाडू एकमेकांना माल विकतात त्या बाजाराची, अख्खी यादी मिळते आणि साधारण तासाला ताजी होते. पायथनची छोटी स्क्रिप्ट ती उचलून एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये टाकते. तीन आठवड्यांचा माल जमलाय. एखादी वस्तू तिच्या खऱ्या भावापेक्षा स्वस्त लागली की मला कळावं, एवढीच इच्छा. पण खरा भाव म्हणजे कुठला?

आधी सरळ सरासरी काढली, तर पेटचे (खेळातल्या पाळीव प्राण्यांचे) भाव लाखांत. दोन दिवसांनी उमजलं की त्यातला निम्मा गाढवपणा माझा होता. पिंजऱ्यात घालून विकायच्या सगळ्या पेटचा आयटम क्रमांक एकच असतो, ८२८००. प्राणी कुठला ते वेगळ्या रकान्यात. मी उंदीर आणि ड्रॅगन एकाच तागडीत घातले होते. चिलखतांचंही तसंच, क्रमांक एक पण बोनस वेगळे. ते सगळं निस्तरलं. खेळातल्या १०,००० कॉपर नाण्यांचा १ गोल्ड होतो हेही मला माहीत आहे, कृपया ते सांगायला येऊ नका.

आता उरलेलं दुखणं. एका साध्या पेटच्या कालच्या सहा लिस्टिंग (विक्रीला मांडलेल्या नोंदी) बघा, सगळे आकडे गोल्डमध्ये: ४१०, ४५०, ४८०, २,९००, ७५,००० आणि ९,००,०००. सरासरी येते १,६३,२०७. मध्यक (रांगेतला मधला भाव) काढला तर १,६९०, आणि त्या भावालाही कोणी कुत्रं विचारणार नाही. मग कुठेतरी वाचलं होतं म्हणून तीन प्रमाण विचलनांच्या (आकडे सरासरीपासून किती पांगलेत त्याचं माप) बाहेरचं फेकून द्यायचा नियम लावला. एकही नोंद गेली नाही! ९ लाखवालासुद्धा ऐटीत आत बसलाय. स्क्रिप्टमध्ये चूक आहे का?

उलटा त्रासही आहे. मायकोब्लूम नावाची वनस्पती ३१ गोल्डला हजारोंनी पडलेली असते आणि कोणीतरी २ नग १२ ला लावतो. माझी सूचना वाजते, मी जेवण टाकून धावतो, हाती २ काड्या.

खडूस_बोका

एवढा खटाटोप कशाला? सगळ्यात स्वस्त नोंद बघायची, आपली त्याच्या एक पैसा खाली लावायची, झोपायचं. मी गेली कित्येक वर्षं हेच करतोय.

वरणभात

बोकाशेठ, ते १२ गोल्डचे २ नग त्याचसाठी लावलेले असतात की. विकायच्या खिडकीत सगळ्यात कमी भाव आपोआप भरलेला येतो. तुमच्यासारखा झोपेला आलेला माणूस हजार नग १२ ला लावून मोकळा होतो आणि सापळा लावणारा ते उचलून ३१ ला विकतो.

रात्रपाळी

स्क्रिप्ट बरोबर आहे, नियम चुकीच्या जागी लावलाय. नोंदी सहाच असतील तर त्यातली कुठलीही एक सरासरीपासून २.०४ प्रमाण विचलनांहून लांब जाऊच शकत नाही, मग ती ९ लाखांची असो की ९ कोटींची. कारण तो राक्षसी आकडा सरासरीला स्वतःकडे ओढतो आणि विचलनही स्वतःच फुगवतो. चोरालाच पंच नेमल्यासारखं आहे. तीनच्या पलीकडे कोणी सापडायला निदान ११ नोंदी लागतात, आणि त्यातही भामटा एकटा असावा लागतो. दोन असले की एकमेकांना झाकतात.

ट्रेडस्किलमास्टर या अ‍ॅडऑनची (खेळाला जोडायच्या, बाजारभाव दाखवणाऱ्या प्रोग्रामची) रीत यापेक्षा शहाणी आहे. नोंदी स्वस्तापासून महागाकडे लावायच्या. तळातल्या १५ टक्के घ्यायच्या. पुढे ३० टक्क्यांपर्यंत जायचं, पण मधे भावाने एकदम २० टक्के किंवा जास्त उडी मारली की थांबायचं. जे हाती राहिलं त्यातलं दीड प्रमाण विचलनाबाहेरचं काढून उरलेल्याची सरासरी. असे १४ दिवसांचे आकडे घेऊन ताज्याला जास्त वजन. वरच्या टोकाचा कचरा यात शिरतच नाही.

पण तुमच्या पेटचे स्वस्त चार विकले जाऊन ७५,००० आणि ९ लाखवालेच उरले, तर ही रीतही निमूटपणे ७५,००० सांगेल. नोंदी विरळ झाल्या की कुठलीच गाळणी उपयोगाची नाही.

वनस्पतींचं सोपं आहे. नोंदी मोजू नका, नग मोजा. खेळाच्या ९.२.७ पॅचपासून, म्हणजे मे २०२२च्या अखेरीपासून, असला कच्चा माल अख्ख्या रीजनचा (उदाहरणार्थ युरोपच्या सगळ्या सर्व्हरचा) एकत्र विकला जातो, त्यामुळे ढीग मोठा असतो. '१,००० नग आत्ता घ्यायचे तर सरासरी काय पडतील?' एवढंच विचारा. २ नग १२ ने, ५ नग १४ ने, बाकी ९९३ नग ३१ ने: उत्तर ३०.८८. सापळ्याचे २ नग पाण्यात मिठासारखे विरघळतात.

उन्हाळकांदा

मला हा खेळ अजिबात येत नाही, पण आमचा कांदा लासलगावला जातो, म्हणून राहवलं नाही.

बाजार समितीच्या पत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव असतात आणि त्यांच्या शेजारी आवक. मुहूर्ताच्या पहिल्या ट्रॉलीला हौसेने चढा भाव दिला जातो, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. त्या भावावर घरखर्चाचा हिशेब करणारा शेतकरी मी तरी पाहिला नाही. कमाल म्हणजे एखाद्या ट्रॉलीचा भाव असू शकतो. बहुतेक माल कशाने गेला ते सर्वसाधारणच्या रकान्यात बघायचं.

तरी आमचा कमाल भावसुद्धा कोणीतरी खरोखर बोललेला असतो, तिथे सौदा झालेला असतो. तुमच्या यादीत सौदे कुठे आहेत? ते सगळे विकणाऱ्यांच्या मनातले आकडे आहेत. गाळून गाळून काय मिळणार, तर इच्छांची सरासरी!

रात्रपाळी

उन्हाळकांदा, दंडवत! नेमकं हेच. एपीआयमध्ये झालेली विक्री येत नाही, फक्त मांडलेला माल येतो. आणि चढा भाव मांडायला पैसे पडत नाहीत. माल मांडताना भरायचं डिपॉझिट मागितलेल्या रकमेवर ठरत नाही, आणि ५ टक्के कापले जातात ते विकलं गेलं तरच. ईव्ह ऑनलाइन या दुसऱ्या खेळात ऑर्डर लावतानाच रकमेच्या टक्क्यांत ब्रोकर फी जाते, तिथे हवेतला भाव लावणं खिशाला लागतं.

वरणभात, तुमच्याकडे दर तासाची यादी आहे, म्हणजे विक्रीचा अंदाज बांधता येईल. प्रत्येक लिस्टिंगला आयडी असतो. एका तासाला आहे आणि पुढच्या तासाला गायब, तर तीनच शक्यता: विकली, मुदत संपली किंवा मालकाने काढून घेतली. उरलेल्या वेळाचा रकाना बघा. 'शॉर्ट' म्हणजे अर्ध्या तासाच्या आतली, 'मीडियम' २ तासांपर्यंतची. या दोन्ही सोडून द्या. 'लाँग' किंवा 'व्हेरी लाँग' असताना गेली, तर मुदत संपलेली नाही.

राहिली काढून घेतलेली. विकणाऱ्याचं नाव मिळत नाही, म्हणून मी जुगाड केलाय: त्याच तासात तेवढ्याच नगांची नवी लिस्टिंग थोड्या कमी भावाने आली, तर ती अंडरकटसाठी (इतरांपेक्षा भाव खाली आणायला) काढून परत लावलेली समजायची. चुकतं कधीकधी. वनस्पतींत मात्र एक पक्की खूण आहे. आयडी तोच पण नग कमी झाले, म्हणजे तेवढे विकलेच गेले. अर्धी लिस्टिंग काढून घेता येत नाही.

वरणभात

काल रात्री बसून केलं. त्या पेटच्या तीन आठवड्यांत विक्रीसारख्या दिसणाऱ्या नोंदी सात, सगळ्या ३९० ते ५००च्या मधल्या. ७५,०००वाली ४८ तासांनी संपते आणि पुन्हा उगवते, तीन आठवडे हेच चाललंय. वनस्पतींच्या खोट्या सूचना बंद झाल्या, जेवण गरम मिळालं.

एक शंका राहिली. काही पेट तीन आठवड्यांत एकदाही गेलेले दिसत नाहीत. त्यांच्यासमोर काय दाखवू? सगळ्यात स्वस्त नोंद?

रात्रपाळी

रिकामं ठेवा. तिथे आकडा टाकलात की महिन्याभराने तुम्हीच त्यावर विश्वास ठेवून खरेदी कराल. माझे असे ११ पिंजरे बँकेत पडून आहेत.

खडूस_बोका

आता बोलतोच. ७५,०००छाप लिस्टिंग मीही लावतो. कोणी तेवढ्याला घेईल म्हणून नाही. विरळ मालात लोकांच्या अ‍ॅडऑनमधला बाजारभाव वर चढतो, मग माझीच दुसरी लिस्टिंग १५,००० ला दिसली की गिऱ्हाइकाला वाटतं लॉटरी लागली. महिन्यातून एखादा घेतो.

वरणभात

बोकाशेठ, रिल्म (सर्व्हर) कुठलं तुमचं?