सिरपूर तलावावरच्या पक्ष्यांसाठी ७५-३०० की ५५-२५० मिमी लेन्स?

नवखा_इंदूरकर: कॅनन १५००डी कॅमेरा आहे, सोबत १८-५५ लेन्स. इंदूरजवळच्या सिरपूर आणि यशवंत सागर तलावांवरचे पक्षी टिपायचेत. बजेट १२ हजार. नवी ७५-३०० घेऊ की सेकंडहँड ५५-२५०? ३०० चा मोह सुटत नाही.

तलावकाठ: ५५-२५० आयएस एसटीएमच घ्या (आयएस म्हणजे हाताचा कंप सावरणारा स्टॅबिलायझर, एसटीएम म्हणजे शांत फोकस मोटर). ७५-३०० ला स्टॅबिलायझर नाही, शिवाय ३०० वर एफ/५.६ ला, म्हणजे छिद्र पूर्ण उघडं असताना, चित्र मऊ (किंचित धूसर) येतं. छिद्र लहान करून एफ/८ केलं की आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) दुप्पट, आणि सकाळच्या धुक्यात तेच परवडत नाही. १.६ च्या क्रॉपमुळे (सेन्सर लहान असल्यानं) २५० म्हणजे ४०० सारखंच. ३०० शी उरलेला फरक फोटो कापून भरून निघतो. नावात ‘एसटीएम’ आहे ना, एवढं नक्की बघा. एसटीएम नसलेल्या जुन्या आयएस लेन्सची मोटर आवाज करते.

भिंगवाला: सेकंडहँड असेल तर लेन्सच्या मागून मोबाइलची टॉर्च मारून बघा. जाळ्यासारखे तंतू दिसले की बुरशी. कितीही स्वस्त असली तरी सोडा. मग भिंतीवर वर्तमानपत्र लावून २५० वर, एफ/५.६ ला फोटो काढा. एकच कोपरा धूसर आला तर आतलं भिंग सरकलंय. आणि हो, एसटीएमची फोकस रिंग कॅमेरा बंद असताना काम करत नाही, तो बिघाड नव्हे.

नवखा_इंदूरकर: आभार, दादा! उडत्या बगळ्यासाठी शटर किती?

तलावकाठ: १/१६०० सेकंद ठेवा, बसलेल्याला १/५०० पुरे. स्टॅबिलायझर फक्त हाताचा कंप सावरतो, पंखांची हालचाल नाही. एआय सर्वो (हलत्या पक्ष्यावर फोकस धरून ठेवणारा मोड), मधला फोकस पॉइंट, आयएसओ ऑटो. पांढऱ्या पिसांसाठी एक्स्पोजर –२/३, म्हणजे थोडं गडद.