मदत हवी आहे : कानाच्या थर्मामीटरवर दोन कानांत दोन आकडे येतात, कोणता खरा मानावा?

नमस्कार. परभणी शहराला लागून असलेल्या वस्तीत आमचे घर आहे. सध्या घरात ७६ वर्षांची आई, आम्ही दोघे, चार वर्षांची मुलगी आणि बाळंतपणासाठी माहेरी आलेली माझी धाकटी बहीण व तिचे दोन महिन्यांचे बाळ अशी माणसे आहेत. पाऱ्याचा जुना थर्मामीटर गेल्या वर्षी झटकताना तोटीवर आपटून फुटला. फरशीच्या सांध्यांत शिरलेले पाऱ्याचे मणी जाड कागदाने गोळा करताना जी धांदल उडाली, तिच्यानंतर पारा पुन्हा घरात आणायचा नाही असे आम्ही ठरवले आणि कानात धरून तापमान पाहण्याचा डिजिटल थर्मामीटर विकत घेतला. काखेत साधा थर्मामीटर धरून बसायला मुलगी तयार नसते, आणि कानाचे यंत्र एक-दोन सेकंदांत आकडा देते, एवढाच विचार खरेदीमागे होता.

अडचण मे महिन्यात सुरू झाली. एका दुपारी आई झोपून उठली ती अंगात कसर असल्याची तक्रार करतच. कपाळाला हात लावला तर गरम लागत होते, पण त्या दिवशी घरातल्या भिंतीही गरम लागत होत्या. उजव्या कानात यंत्र धरले तेव्हा ९७.२ अंश फॅरनहाइट आले, डाव्या कानात लगेच १००.२ आले. शेजाऱ्यांकडून काखेत धरायचा साधा डिजिटल थर्मामीटर आणला तर त्यावर ९८.८ दिसले. पुन्हा कानात पाहावे म्हणून यंत्र उचलले तोवर पडद्यावर आकड्याऐवजी त्रुटीचे चिन्ह आले आणि ते बराच वेळ गेलेच नाही. आकडे तीन आणि माणूस एक. यांतल्या कोणत्या आकड्यावर औषध द्यायचे किंवा न द्यायचे, हे आम्हाला ठरवता आले नाही. शेवटी डॉक्टरांना दाखवले. त्यांनी ताप नसल्याचे सांगितले, पाणी भरपूर पाजायला सांगितले आणि विषय तेवढ्यावर मिटला. माझी शंका मात्र तशीच राहिली.

परिस्थिती थोडी तपशिलाने सांगतो. आई पत्र्याच्या खोलीत, कूलरसमोर, डाव्या कुशीवर झोपली होती. यंत्र त्याच खोलीतल्या लोखंडी कपाटावर ठेवलेले असते. त्याच्या टोकावर बसवायची प्लास्टिकची पातळ टोपणे संपली असल्यामुळे एकच टोपण आम्ही धुऊन पुसून वापरत आहोत. आणखी एक गोष्ट सांगायला संकोच वाटतो, पण लपवण्यात अर्थ नाही: मुलीने मध्यंतरी या यंत्राने बाहुलीचा, मांजराचा आणि बहुधा भाकरीचाही ताप पाहिला आहे, आणि तेव्हापासून सगळ्यांचेच आकडे थोडे कमी येत असावेत असा मला संशय आहे.

दोन कानांतला फरक कशामुळे पडतो, बाळासाठी हे यंत्र वापरावे का, आणि हेच यंत्र ठेवावे की टोपण न लागणारे दुसरे घ्यावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती. पावसाळा तोंडावर आहे. आमच्याकडे नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येते, त्यामुळे घरोघरी पाणी साठवलेले असते आणि पाठोपाठ डेंग्यूचे दिवस येतात. त्याआधी घरात विश्वासाचे साधन असावे असे वाटते.

प्रतिसाद १

मी ग्रामीण रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका आहे, सध्या अंबाजोगाईला असते. आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपणच लिहून ठेवले आहे. आई डाव्या कुशीवर झोपल्या होत्या, म्हणजे डावा कान उशीत दबलेला होता. दबलेल्या कानात उष्णता कोंडते आणि आकडा चढतो. उजव्या कानावर कूलरचा गार वारा थेट येत होता, म्हणून तो उतरला. अशा वेळी माणसाला उठवून बसवावे, वाऱ्याच्या झोतातून बाजूला घ्यावे आणि वीस ते तीस मिनिटांनी तापमान पाहावे. आंघोळीनंतर किंवा उन्हातून आल्यावरही तेवढेच थांबावे, आणि श्रवणयंत्र किंवा इअरफोन काढल्यावरही लगेच पाहू नये.

कान धरण्याची पद्धत बहुतेक घरी चुकते. कानाची नळी सरळ नसून तिला वळण असते. कान नीट ताणला नाही तर यंत्राला कानाचा पडदा दिसतच नाही, नळीची भिंत दिसते, आणि ती पडद्यापेक्षा गार असते. मोठ्या माणसाचा आणि एक वर्षावरील मुलाचा कान वरच्या बाजूने धरून वर आणि मागे ओढावा. एक वर्षाच्या आतील मुलाचा सरळ मागे ओढावा. टोक अलगद पण कानाचे भोक बंद होईल इतपत बसवावे आणि मगच बटण दाबावे. कानात मळ दाटला असेल तरी आकडा कमी येतो. कान फुटलेला असेल, दुखत असेल किंवा त्यात औषधाचे थेंब टाकले असतील, तर तो कान सोडून दुसरा वापरावा.

बाळाच्या बाबतीत मात्र मी स्पष्टच लिहिते. सहा महिन्यांच्या आतील बाळाची कर्णनळी अरुंद असते, त्यामुळे त्याच्यासाठी हे यंत्र वापरू नये. साधा डिजिटल थर्मामीटर घ्यावा, काखेतला घाम पुसावा, टोक काखेच्या मध्यावर ठेवावे आणि बाळाचा हात अंगाशी धरून शिट्टी वाजेपर्यंत थांबावे. तीन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस किंवा अधिक ताप आला, तर घरी औषध देऊन वाट पाहू नये, रात्र असली तरी दवाखान्यात न्यावे. आकडा त्याहून कमी आहे, पण बाळ दूध ओढत नाही, मलूल पडले आहे किंवा अंग गार लागते, तरीसुद्धा न्यावे. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असते, बाळ कपड्यांत घट्ट गुंडाळलेले असते. तेवढ्यानेही अंग तापते, म्हणून कपडे थोडे सैल करून काही वेळाने पुन्हा पाहावे. मात्र दुसरा आकडाही चढाच आला तर कपड्यांना दोष देत बसू नये.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मी विज्ञान शिकवतो, म्हणून यंत्राच्या बाजूने थोडी भर घालतो. कानाचा पडदा, किंबहुना कोणतीही उबदार वस्तू, अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, बाहेर टाकत असते. ते किरण यंत्रातल्या संवेदकावर (सेन्सरवर) पडतात, परंतु तो संवेदक पडद्याचे तापमान थेट सांगत नाही. स्वतःपेक्षा कानाचा पडदा किती गरम आहे, एवढा फरकच तो सांगतो. यंत्रात स्वतःचे तापमान मोजणारा दुसरा घटक असतो, आणि दोहोंची बेरीज करून यंत्राच्या पडद्यावर आकडा येतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की यंत्र स्वतः एका स्थिर तापमानाला आलेले नसेल, म्हणजे कपाटावर तापलेले यंत्र उचलून कूलरच्या वाऱ्यात नेले आणि त्याचे कवच एका तापमानाला व आतला भाग दुसऱ्याच तापमानाला असेल, तर हिशेब चुकतो. म्हणून यंत्र आणि माणूस अर्धा तास एकाच खोलीत असावेत.

आपल्या भागापुरती याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. अशा बहुतेक यंत्रांच्या माहितीपत्रकात वापरासाठी खोलीचे तापमान दिलेले असते, आणि त्याची वरची मर्यादा बहुधा ४० अंश सेल्सिअस असते. काही यंत्रांत ती त्याहूनही कमी असते. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ अंशांवर जाणे काही नवलाचे नाही, आणि पत्र्याखाली तर विचारायलाच नको. आपल्या यंत्राने दाखवलेले त्रुटीचे चिन्ह बहुधा बिघाडाचे नसून, या उकाड्यात मी अचूक मोजू शकत नाही अशा प्रामाणिक कबुलीचे असावे. माझ्या मते चुकीचा आकडा देणाऱ्या यंत्रापेक्षा असे यंत्र बरे.

टोकाच्या आत एक लहानसे भिंग असते. त्यावर बोटाचा तेलकटपणा किंवा मळ बसला की किरण अडतात आणि आकडा कमी येतो. आपल्या कन्येच्या संशोधनाचा परिणाम हाच असणार. स्पिरिटमध्ये किंचित ओला केलेला कापसाचा बोळा काडीला लावून भिंग हलकेच पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे. पाण्याखाली धरू नये.

प्रतिसाद ३

नांदेडला आमचे औषधांचे दुकान आहे. धुतलेले टोपण वापरू नये, हे आधी सांगतो. टोपण लागणाऱ्या यंत्राचा हिशेब त्या पातळ प्लास्टिकमधून किरण किती येतात हे धरूनच बसवलेला असतो. त्यावर पाण्याचा डाग, ओरखडा किंवा सुरकुती असली तरी आकडा बदलतो, आणि टोपण अजिबात न लावता वापरले तरी तो चुकतो. शिवाय एकाच्या कानातला संसर्ग दुसऱ्याच्या कानात जाऊ शकतो तो वेगळाच.

नवे घ्यायचे असेल तर दुकानात उभे राहूनच दोन-तीन गोष्टी पाहाव्यात. टोपणे आपल्या गावात मिळतात का, हे आधी विचारावे, कारण यंत्र स्वस्त आणि टोपणे दुर्मीळ असा अनुभव ग्राहकांना वारंवार येतो. टोपण न लागणारे यंत्र घेतले तर प्रत्येक वापरानंतर टोक स्पिरिटने पुसण्याची शिस्त पाळावी लागते, तेवढी असेल तरच ते घ्यावे. खोक्यावर अचूकता दिलेली असते; शरीराच्या तापमानाच्या टप्प्यात अधिक-उणे ०.२ अंश सेल्सिअस, म्हणजे फॅरनहाइटमध्ये साधारण ०.४, एवढी असेल तर पुरेशी आहे. फॅरनहाइट आणि सेल्सिअस दोन्ही दिसण्याची सोय असावी. कपाळ आणि कान अशा दोन्ही ठिकाणी चालणाऱ्या, तसेच दुधाचे किंवा पाण्याचे तापमान सांगणाऱ्या यंत्रांत पद्धत बदलण्याचे बटण असते, आणि ते चुकून दाबले गेले की ग्राहक यंत्र बिघडले म्हणून परत आणतात. बॅटरी बाजारात सहज मिळणारी आहे का, हेही पाहावे. वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम डिजिटल थर्मामीटरलाही लागू आहेत. तेव्हा उत्पादकाचे नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक नसलेले खोके कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये, आणि पावती जपून ठेवावी.

प्रतिसाद ४

मला व्यक्तिशः हा सगळा खटाटोप अनाठायी वाटतो. दीड-दोनशे रुपयांचा साधा डिजिटल थर्मामीटर घरातल्या सगळ्यांना चालतो, त्याला टोपण लागत नाही आणि भिंगही पुसावे लागत नाही. फक्त दोन मिनिटे धीर धरावा लागतो.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे प्रयोग करून मगच उत्तर लिहावे म्हणून आठ दिवस थांबलो. दुपारी तीन वाजता पत्र्याच्या खोलीत भिंतीवरचे तापमापक लावले तर ते ४२ वर गेले. जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या छताच्या, खोलीत त्याच वेळी ३५ होते. यंत्र आता माळवदाच्या खोलीतल्या कोनाड्यात, मुलीचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवले आहे. भिंग पुसले, त्याचा बोळा काळपट निघाला. नव्या टोपणांची पेटी परभणीत मिळाली नाही, छत्रपती संभाजीनगरहून येणाऱ्या मेहुण्यांकडून मागवली. त्यानंतर आईला त्या खोलीत अर्धा तास बसवून, कान वर-मागे ओढून पाहिले तेव्हा उजव्या कानात ९७.८ आणि डाव्या कानात ९८ आले. दोन्ही कान तंतोतंत सारखे येत नाहीत, पण तीन अंशांची तफावत गेली. काखेत त्याच वेळी ९७.१ होते.

परिचारिका ताईंना एक शंका विचारायची आहे. काखेतल्या आकड्यात एक अंश मिळवावा असे आमच्याकडे सर्रास सांगितले जाते, ते बरोबर आहे का? आणि आईचा आकडा एरवीच कमी असतो, तर तिच्यासाठी ताप कोठून मोजावा? बाळासाठी वेगळा साधा थर्मामीटर घेतला आहे, त्यामुळे चौथा प्रतिसाद लिहिणाऱ्यांचे म्हणणेही अर्धे पाळल्यासारखे झाले.

प्रतिसाद ५ (पहिला प्रतिसाद लिहिणारी)

काहीही मिळवू नये. काखेतले तापमान कानापेक्षा कमी असते हे खरे, पण तो फरक प्रत्येक माणसात आणि प्रत्येक वेळी एकच नसतो. आकड्यासमोर ‘काख’ किंवा ‘उजवा कान’ आणि वेळ लिहावी, बाकीचा अर्थ डॉक्टर लावतात. एका आजारपणात एकच जागा आणि एकच कान ठेवावा. जागा बदलत राहिलात तर ताप चढतो आहे की उतरतो आहे हे कळणार नाही.

वयस्कर माणसांचे मूळ तापमान कमी असते आणि संसर्ग झाला तरी त्यांना ताप फारसा चढत नाही, त्यामुळे १००.४ ची वाट पाहणे त्यांच्या बाबतीत धोक्याचे ठरू शकते. आई बऱ्या असताना चार-पाच दिवस सकाळ-संध्याकाळ त्याच कानाचा आकडा वहीत लिहून ठेवावा. संध्याकाळचा थोडा जास्त येईल, ते स्वाभाविक आहे. त्या नेहमीच्या आकड्यापेक्षा दोन अंश फॅरनहाइट वाढ दिसली, तर आकडा शंभराच्या आत असला तरी त्यांना दाखवून आणावे. डेंग्यूच्या दिवसांत ही वही जास्त उपयोगी पडते. त्या आजारात ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच जपण्याचे असतात. थर्मामीटर ९८ दाखवत असताना पोट दुखणे, सारखी उलटी होणे, हिरड्यांतून रक्त येणे किंवा लघवी कमी होणे असे काही दिसले, तर आकड्याकडे न पाहता तडक दवाखाना गाठावा. आणि अंगदुखीवर दुकानातून मनाने गोळ्या आणू नयेत, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन तर मुळीच नको.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर आईचा उजवा कान, सकाळी सात, ९७.४.